आवाज आला नाही

मनगट मोडायचं तर सेलरी लागते.
जून, दोऱ्यांची, रात्रभर फ्रिजमध्ये गारठवलेली.
ओल्या फडक्यात गुंडाळून पिळायची,
मायक्रोफोनपासून वीतभर लांब.
बरगडीला अक्रोड. कवटीला खरं तर कलिंगड,
पण वूचच्या हिवाळ्यात ते परवडत नाही,
मग कोबीचा गड्डा, आतून ओला केलेला.
बाउतीच्या बाजारातली भाजीवाली विचारते,
घरात माणसं तरी किती आहेत हो?
दोन, मी सांगते. मी आणि तीमोन.

नऊ वर्षं झाली या कामाला.
ऑफिसातून निरोप येतो: अजून रसरशीत हवं,
घाव बसला हे खेळणाऱ्याला कळलं पाहिजे.
मी आणखी एक जुडी मोडते.

फेब्रुवारीत शाळेतून फोन.
ट्रामच्या थांब्यावर, बर्फात, टोपीवरून भांडण,
तीमोननं इग्नात्सीचा हात मागे पिरगाळला.
मनगट. दोन ठिकाणी.

शाळेच्या मानसतज्ज्ञ वोइताशेक बाई
चहातली लिंबाची चकती चमच्यानं दाबत विचारतात,
घरी मारामारीचे गेम खेळतो का?
हो, म्हटलं.
कोणता?
मी नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.
हे नाही सांगितलं
की त्यातलं हाडन्‌हाड माझ्या हातचं आहे,
लोणचं हातचं असावं तसं.

परतताना मनातल्या मनात वकिली करत राहिले.
माझ्या बापानं लिफ्टचं सोडून
जन्मात दुसरं बटण दाबलं नाही,
तरी गिरणीतून रात्रपाळी करून आला की
कमरेचा पट्टा काढायचा.
तो आवाज मला अजून
कुठल्याच चामड्यातून काढता आलेला नाही.
तीमोनच्या वर्गातली सव्वीस मुलं हाच गेम खेळतात.
पंचवीस जणांनी कुणाचं काही मोडलेलं नाही.
आणि तीमोननंच तर गेल्या वर्षी
मेलेलं कबूतर बुटाच्या खोक्यात घालून पुरलं,
वर माझा चांगला रुमाल.
सगळं खरं होतं.
वकिलाचं बहुतेक सगळं खरंच असतं.

रात्री तो भिंतीकडे तोंड करून पडलेला.
मला वाटलं, झोपला.
आई, आवाज आला नाही.
कसला?
त्याच्या हाताचा. आवाज आल्यावर मी सोडणार होतो.
मी वाट बघत होतो.
आलाच नाही, म्हणून मला वाटलं
अजून काही झालेलं नाही.

मी दिवा लावला नाही.
जाड कोटाच्या बाहीत, लोकरी मोज्याच्या आत,
शेजारून ट्राम घरघरत जाताना
खरं मनगट किती हळू मोडत असेल.
कुणी कुजबुजावं, आणि आपण म्हणावं, काय?
वोइताशेक बाईंच्या कागदावर
याच्यासाठी रकाना नव्हता.
याला परिणाम म्हणायचं का
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही,
कामावर तर नाहीच.
तिथं गेल्या सोमवारी खुबा हवा होता.

मार्चमध्ये इग्नात्सी घरी आला.
प्लास्टरवर सगळ्या वर्गाच्या सह्या,
अंगठ्यापाशी बोटभर जागा कोरी.
तीमोननं तिथं नाव लिहिलं, फार बारीक.
दोघं बराच वेळ गप्प. मग बोलले,
आणि बोलले ते गेमबद्दलच.
प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटांनी
इग्नात्सी खेळतो, आणि जिंकतो.

मी स्वयंपाकघरात सूपाची तयारी करते आहे.
भिंतीपलीकडे माझी सेलरी मोडते, कडाक्‌,
आणि दोघं खिदळतात.
पुन्हा कडाक्‌. पुन्हा हसणं.
तिसऱ्यांदा नुसतंच कडाक्‌.

सुरी हातात धरून मी उभी आहे,
त्यांच्या हसण्याची वाट बघत.